श्रम कोणासाठी? ‘उपदेशक’ वाचताना आलेले अनुभव

जैतून :

परवा पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) नित्य वाचनात पहिले राजे या पुस्तकाचा चौदावा अध्याय आला आणि त्यातील मोजक्या ओळींनी मला फार जुन्या दिवसांत नेले. इस्राएलाचा राजा शलमोन याने घडीव सोन्याच्या २०० मोठ्या आणि ३०० लहान ढाली करवून ‘लबानोन वनगृह’ नावाच्या आपल्या वाड्यात ठेवल्या होत्या. त्याच्यानंतर मुलगा रहबाम गादीवर आला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या पाचव्याच वर्षी मिसरचा (इजिप्तचा) राजा शिशक यरुशलेमेवर चालून आला व मंदिराचे आणि राजवाड्याचे भांडार लुटून घेऊन गेला. त्या लुटीत सोन्याच्या ढालीही गेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या ढाली करवल्या. राजा परमेश्वराच्या मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या हाती धरून चालत आणि तो परतला की चौकीत नेऊन ठेवत. लेखकाने यावर चकार शब्द काढलेला नाही. मिरवणूक तीच राहिली, सोने तेवढे गेले.

माझ्या मामांचा छापखाना होता. सुटीच्या दिवसांत मी तिथे तासन्‌तास बसून असे. छापलेला कागद मामा उजेडासमोर धरत आणि पुढच्या बाजूची ओळ मागच्या बाजूच्या ओळीवर बरोबर बसली आहे की नाही ते पाहत. केसभर फरक दिसला तरी यंत्र थांबवत. गिऱ्हाइकाच्या हे कधी लक्षातही येणार नाही, असे कामगार म्हणाले की मामा म्हणत, “आपल्या लक्षात आले ना?” आणि पुन्हा जुळणीला लागत. ते गेल्यावर भागीदारांत वाद झाले, यंत्रे विकली गेली, माणसे पांगली. तरीही वर्धापनदिन पुढे कितीतरी वर्षे त्याच थाटात होत राहिला आणि कोणी ना कोणी भाषणात दर्जाची परंपरा सांगत राहिले. पितळेच्या ढालींविषयी वाचताना तो समारंभ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

पवित्र शास्त्रातील ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच दुःख आहे. मी श्रम करून जे मिळवले ते माझ्यामागून येणाऱ्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख, कोणास ठाऊक, असे त्याचा लेखक अठराव्या-एकोणिसाव्या वचनांत विचारतो. मामांचे पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. त्या पानावर पेन्सिलीची रेघ आहे. ती मात्र या वचनांखाली नसून चोविसाव्या वचनाखाली आहे. माणसाने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमांत जिवाला सुख मिळू द्यावे, याहून बरे काही नाही, आणि हेसुद्धा देवाच्या हातून मिळते, असा त्याचा आशय. मामांना पुढचे सारे आधीच कळून चुकले होते का, की ती पुढची काळजी त्यांनी आपली मानलीच नव्हती, हे मला अजून उमगलेले नाही. म्हणून हा धागा काढते आहे. आपण कशासाठी राबतो हा प्रश्न तुम्हाला कधी पडला, आणि त्या वेळी शास्त्रातले कोणते शब्द तुमच्या उपयोगी पडले, ते कृपया लिहा.

ताळेबंद :

जैतूनताई, मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केले, त्यामुळे ‘लाभ’ या शब्दापाशी मी लगेच थांबतो. उपदेशक पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात हिशेबनिसाचा प्रश्न विचारतो : या भूतलावर माणूस एवढे श्रम करतो, त्यात त्याला शेवटी लाभ काय?

मी निवृत्त झाल्यानंतर एकदा जुन्या कचेरीत गेलो होतो. मुदत संपलेल्या खातेवह्या लगद्यासाठी नेण्याचे काम सुरू होते. माझ्या अक्षरातले गठ्ठे सुतळीने बांधून दारापाशी रचले होते आणि एका गठ्ठ्याची सुतळी तुटल्यामुळे वरची वही उघडी पडली होती. लाल शाईने ओढलेली दुहेरी रेघ मी ओळखली. एका वर्षअखेरीस काही केल्या मेळ बसत नव्हता, आणि तो बसल्यावर मी ती ओढली होती. त्या क्षणी पहिल्या अध्यायातले अकरावे वचन आठवले, की मागे होऊन गेलेल्यांची आठवण राहत नाही आणि पुढे होणाऱ्यांचीही राहणार नाही.

मला तेव्हा धीर आला तो मात्र निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातून. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून येणारे अन्न, पडत असे तो त्या त्या दिवसापुरता होता. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचा, अपवाद सोडला तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत. तो टिकला नाही म्हणून वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याच्यावर एक अख्खे राष्ट्र चाळीस वर्षे जगले. माझ्या वह्यांमुळे प्रत्येक महिन्याला माणसांच्या हाती वेळेवर पगार पडला. तो पगार त्या त्या महिन्यात खर्च झाला, घरोघरी पोटात गेला. वह्यांकडून याहून वेगळे काही मागण्याचा मला अधिकार होता, असे आता वाटत नाही.

पहाटवारा :

मी रात्रपाळीला आहे, म्हणून सविस्तर नंतर लिहीन. ताळेबंदकाका, तुमची लाल रेघ मनात राहील.

हप्तेकरी :

हाग्गय संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायाचे सहावे वचन मी घराचे कर्ज फेडत असताना वाचले होते. मजुरी मिळवणारा ती भोके पडलेल्या पिशवीत टाकतो, असे ते वचन आहे. इ.स.पू. ५२० मध्ये, म्हणजे फारसी राजा दारयावेश याच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांना हाग्गयाने हे ऐकवले. तुम्ही पुष्कळ पेरता पण थोडे घरी आणता, पांघरता पण ऊब येत नाही, असेही तो त्यांना सांगतो. तो त्यांना आळशी म्हणत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. ते लोक खूप कष्ट करत होते. कष्टांचा क्रम मात्र चुकला होता, कारण स्वतःची तक्तपोशीची घरे सजली होती आणि देवाचे मंदिर ओसाड पडले होते.

वाटसरू :

मी ख्रिस्ती नाही. एका मित्राने उपदेशक वाचायला दिला म्हणून वाचला, आणि तो मला आवडला असला तरी मनातली एक अडचण स्पष्टपणे मांडतो. ‘सर्वकाही व्यर्थ’ असे म्हणायला आधी सर्वकाही हाती यावे लागते. दुसऱ्या अध्यायातला हा माणूस घरे बांधतो, द्राक्षमळे लावतो, तळी खोदतो, दासदासी बाळगतो, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवतो आणि नंतर सांगतो की यात काही अर्थ नाही. माझ्या आईने आयुष्यभर लोकांच्या घरची कामे केली. तिच्या बोटांच्या पेरांना साबणाने पडलेल्या भेगा कधी भरल्याच नाहीत. तिने धडपड केली ती नाव व्हावे म्हणून नाही, आम्हाला शिकता यावे म्हणून केली. तिच्यासमोर हा अध्याय वाचायला माझी जीभ रेटणार नाही. त्या तळ्यांची माती ज्यांनी उपसली त्यांना तो ग्रंथ काय सांगतो, हे कोणी सांगू शकेल का?

जैतून :

वाटसरू, तुम्ही हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या प्रश्नाला मी घाईने उत्तर देणार नाही, पण चौथ्या अध्यायाचे पहिले वचन तेवढे वाचा. तिथे उपदेशक गांजलेल्यांचे अश्रू पाहतो आणि त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही, हे एकाच वचनात दोनदा सांगतो.

ताळेबंद :

वाटसरूंच्या प्रश्नाला बगल देऊ नये, असे मलाही वाटते. शलमोनाच्या वैभवाचा हिशेब पवित्र शास्त्र स्वतःच दोन्ही बाजूंनी मांडते. मंदिराला ७ वर्षे लागली आणि राजाच्या स्वतःच्या वाड्याला १३, असे पहिले राजे या पुस्तकात लागोपाठच्या वचनांत नोंदवले आहे. हे सारे ज्यांच्या वेठीवर उभे राहिले ती माणसे बाराव्या अध्यायात रहबामासमोर येऊन म्हणतात की तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू लादले, ते हलके कर. रहबाम आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकतो आणि माझ्या बापाने तुमचे जू भारी केले, मी ते आणखी भारी करीन, असे उत्तर देतो. त्या उत्तराने राज्य दुभंगले. बिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केले. म्हणजे शलमोनाचे परिश्रम व्यर्थ का ठरले, याचे एक कारण तळी खोदणाऱ्यांच्याच तोंडून आलेले आहे.

नियमशास्त्रही या बाबतीत अगदी ठाम आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. तेव्हा कष्टकऱ्याचे कष्ट व्यर्थ आहेत, असे हा ग्रंथ म्हणत नाही. कितीही मिळाले तरी पुरेसे न वाटणारी जी हाव असते, तिला तो व्यर्थ म्हणतो, आणि त्या हावेचा भार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या पाठीवर पडलेला असतो.

पहाटवारा :

पाळी संपली, आता लिहिते. मी परिचारिका आहे आणि बराच काळ वृद्धांच्या कक्षात काम करते आहे. उपदेशकाचा बारावा अध्याय मी उपासनेत अनेकदा ऐकला होता, पण तो मला कळला तो कक्षात. घराचे रखवालदार कापतात, म्हणजे हात थरथरतात. बळकट पुरुष वाकतात, म्हणजे पाय. दळणाऱ्या थोड्या उरल्यामुळे त्यांचे काम थांबते, म्हणजे दात. खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक होतात, म्हणजे डोळे. पुढे पाखराच्या शब्दाने जाग येते, असे आहे, आणि ते तर मी रोज पाहते. बाहेर पहिला पक्षी बोलला की कक्षातली निम्मी मंडळी जागी होतात आणि उजाडण्याची वाट पाहत पडून राहतात. बदामाच्या झाडाला फुले येतात, म्हणजे केस पांढरे होतात. ज्याने हे लिहिले तो म्हाताऱ्या माणसांजवळ पुष्कळ वेळ बसलेला असणार.

आमच्याकडे एक सुतार होते. त्यांना बोलता येत नव्हते. अंग पुसताना मी त्यांचा उजवा तळवा उघडला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी रंध्याने पडलेला घट्टा तसाच होता. हात कितीतरी वर्षे निकामी असूनही तो गेला नव्हता. त्यांनी किती दारे-खिडक्या केल्या असतील आणि आज त्या उघडमिट करणाऱ्यांपैकी कोणालाही त्यांचे नाव माहीत नसेल, असे वाटून मला फार भरून आले. त्या अध्यायाची सुरुवात तारुण्यात आपल्या निर्माणकर्त्याचे स्मरण कर, अशी आहे. माणूस सगळे विसरतो आणि सगळ्यांकडून विसरला जातो, हे लेखकाने आधी मान्य केले आहे, आणि म्हणूनच जो विसरत नाही त्याच्याशी आताच ओळख करून घे, असे तो तरुणाला सांगतो, असे मी समजते.

अभ्यासू :

थोडे बाजूचे विचारतो. उपदेशक शलमोनानेच लिहिला का? आमच्या पाळकांचे उत्तर होकारार्थी आहे, पण मी इतरत्र वेगळे वाचले आहे.

जुनेपान :

पुस्तकात शलमोनाचे नाव कुठेही नाही. दाविदाचा पुत्र, यरुशलेमेतील राजा, एवढीच ओळख दिलेली आहे. परंपरा शलमोन मानते. भाषेत फारसी वळणाचे शब्द असल्यामुळे बरेच अभ्यासक ते फारसी अमलातले किंवा त्यानंतरचे मानतात. १९५२ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या गुंडाळ्यांत उपदेशकाचे तुकडे आहेत आणि त्यांतले सर्वात जुने इ.स.पू. दुसऱ्या शतकातले आहेत, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचे नक्कीच आहे. यहुदी लोक मांडवांच्या सणाच्या वेळी ते सभास्थानात वाचतात. कापणीच्या आनंदाच्या दिवसांत, तात्पुरत्या मांडवात राहत असताना हे पुस्तक वाचायचे, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते.

उमेदवार :

ज्या परीक्षेसाठी मी तरुणपणाची चांगली वर्षे दिली तिचा अखेरचा प्रयत्न गेल्या महिन्यात संपला आणि निवड झाली नाही. माझ्यापेक्षा कमी अभ्यास केलेले काही मित्र निवडले गेले. मला त्यांचा राग नाही. घरी कोणी काही बोलत नाही, आणि तेच अधिक जड जाते. मंडळीतले लोक भेटले की देवाने तुझ्यासाठी याहून मोठे काहीतरी राखून ठेवले आहे, असे म्हणतात. मला ते ऐकवत नाही. उपदेशकाच्या नवव्या अध्यायातले अकरावे वचन मात्र मी वारंवार वाचले. वेगवानाला धाव मिळतेच असे नाही, बलवानाला युद्ध जिंकता येतेच असे नाही, ज्ञान्याला अन्न मिळतेच असे नाही. समय आणि प्रसंग सर्वांना गाठतात. एवढे दिवस मी जे ऐकले त्यात माझी बाजू न लपवता सांगणारे हे एकटेच वाक्य होते.

सावली :

उमेदवार, तुमच्याबद्दल फार वाटले. आज काहीही ठरवू नका आणि वेळेवर जेवत जा.

फळाखडू :

उमेदवार, मी शिक्षिका आहे आणि अशा निकालानंतरची मुले मी पाहिली आहेत, म्हणून ‘याहून मोठे काहीतरी’ हे सांत्वन मीही देणार नाही. तुम्ही यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय वाचावा, असे सुचवते. तो अवघ्या पाच वचनांचा आहे आणि उपासनेत क्वचितच वाचला जातो. इ.स.पू. ६०५ च्या सुमाराची गोष्ट आहे. बारूख हा यिर्मयाचा लेखक. तो चांगल्या घराण्यातला होता, लिहिण्यात निष्णात होता आणि दरबारात वर चढण्याची योग्यता त्याच्याकडे होती. ज्या संदेष्ट्याचे शब्द तो उतरवून घेत होता त्याच्यामुळे त्याचे सारे मार्ग बंद झाले. मी कण्हून कण्हून थकलो, मला चैन पडत नाही, असे तो म्हणतो. देव त्याला म्हणतो, तू आपल्यासाठी मोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. आणि पुढे वचन देतो की तू जाशील तिथे तुझा जीव मी तुला लूट म्हणून देईन.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे उत्तर कठोर वाटले होते. नंतर लक्षात आले की देव बारूखाला त्याच्याहून मोठ्या पदाचे आमिष दाखवत नाही आणि त्याचे दुःख खोटेही ठरवत नाही. तो त्याचे मनोगत ऐकतो, ते पुन्हा त्याला बोलून दाखवतो आणि त्याचा जीव राखतो. ज्या राजवाड्यात बारूखाला जागा मिळाली असती तो पुढे बाबेलच्या सैन्याने जाळला. बारूखाने उतरवलेले शब्द आपण वाचतो आहोत.

उमेदवार :

बाई, आत्ताच वाचला. ‘मला चैन पडत नाही’ हे शास्त्रात लिहिलेले असेल, असे वाटले नव्हते. आभार.

थोरला :

आम्हा भावंडांत वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणे बंद झाले होते, तेव्हाची गोष्ट सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख श्रीमंताचा दृष्टान्त सर्वांना पाठ असतो, पण तो कशावरून सांगितला गेला ते सहसा कोणी सांगत नाही. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्यावर येशू विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? आणि मग तो दृष्टान्त सांगतो. त्या श्रीमंताचे सगळे बोलणे स्वतःशीच चालते : माझी कोठारे, माझे पीक, माझा माल, माझ्या जिवा. त्याच्या तोंडी दुसऱ्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. रात्री देव त्याला विचारतो, जे तू साठवले ते कोणाचे होईल?

मी हा भाग धाकट्याला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “दादा, कोठारावरून आपण भांडतो आहोत आणि आई तिकडे एकटी जेवते आहे.” कागदपत्रांचे पुढे रीतसर झाले, मोजणी व्हायची तशी झाली. त्या रविवारी मात्र आम्ही दोघे आईकडे जेवलो.

सावली :

माझी आई बरीच वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. तिला मी रोज न्हाऊ घालते, भरवते, तिची वेणी घालते, आणि तासाभराने ती मला तू कोण, असे विचारते. माझ्या कामातून काहीही साठत नाही, काहीही वाढत नाही, आणि दुसऱ्या सकाळी सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सर्व नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही, हे पहिल्या अध्यायातले वचन मला माझ्याच दिवसाचे वर्णन वाटते. मी चांगल्या नोकरीत होते. ती सोडावी लागली. मला तिची आठवण येते, हे इथे मोकळेपणाने लिहिते.

नवव्या अध्यायात एका गरीब शहाण्या माणसाची गोष्ट आहे. मोठा राजा एका लहान नगराला वेढा घालतो, हा गरीब माणूस आपल्या शहाणपणाने नगर वाचवतो, आणि नंतर त्याची कोणालाही आठवण राहत नाही. ती वाचून मी फार खचले होते, कारण ज्याला मी वाचवते आहे तेच मला विसरते आहे. मग एका रविवारी मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाचे वाचन झाले. बेथानी येथे एक स्त्री संगमरवरी कुपी फोडून मौल्यवान जटामांसी तेल येशूच्या मस्तकावर ओतते. ते तीनशे दीनारांना, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीला, विकले गेले असते, म्हणून लोक चिडून विचारतात की ही नासाडी कशाला? येशू म्हणतो, तिला असू द्या, तिने माझ्यासाठी उत्तम काम केले आहे. आणि जिथे जिथे शुभवर्तमान गाजवले जाईल तिथे तिने जे केले ते तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल. मार्क तिचे नावसुद्धा देत नाही. हिशेबात नासाडी ठरलेल्या एका कामाची आठवण ठेवायचे प्रभूने स्वतः ठरवले, यावर मी पुष्कळ दिवस विचार करते आहे. आईच्या केसांना तेल लावताना मला तो शब्द आठवतो, ‘उत्तम काम’. आता आई उठली आहे, पुढचे नंतर लिहीन.

पहाटवारा :

सावलीताई, तुम्हाला एखादा दिवस विसावा मिळतो का? रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना विसावा हवाच, आणि चौथी आज्ञा विसाव्याचीच आहे. ती दास, दासी आणि गुरेढोरे यांच्यासाठीही आहे. कोणा नातेवाइकाला आठवड्यातून एक दिवस बसायला सांगा. हे मी परिचारिका म्हणूनही सांगते आहे.

सावली :

पहाटवारा, भाची यायला तयार आहे. तिला या आठवड्यात विचारते.

फळाखडू :

सावली, तुमच्या लिहिण्यावरून मला बेथानीतल्या मरीयेची बहीण मार्था आठवली. मार्थेचे नाव निघाले की तिला लगेच दोष दिला जातो. लूकच्या दहाव्या अध्यायात ती पुष्कळ कामांनी त्रासलेली आहे, हे खरे. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात त्याच बेथानीत येशूसाठी जेवण केले आहे आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की मार्था वाढत होती. मरीया तेल ओतते, मार्था वाढते, आणि या वेळी मार्थेची कोणाविषयी तक्रार नाही. तिला कोणी स्वयंपाकघरातून बाहेर काढले नाही. काम तेच राहिले. त्यावर आपली किंमत ठरते, ही टोचणी गेली, असे मी त्या दोन अध्यायांकडे एकत्र पाहून समजते.

वाटसरू :

सर्वांचे लिहिणे वाचले. चौथ्या अध्यायाचे पहिले वचन आईला वाचून दाखवले. सांत्वन करणारा कोणी नाही, हे दोनदा का लिहिले, असे तिने विचारले. मी म्हणालो की अत्याचार करणाऱ्यांच्या हाती बळ आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये कोणीच नाही, असे लेखकाला म्हणायचे असावे. त्यावर ती म्हणाली, “पाहिले तरी त्याने.” पाचव्या अध्यायातले कष्टकऱ्याच्या गोड झोपेचे वचनही तिला आवडले; तो थोडे खावो की पुष्कळ, त्याची झोप गोड असते, आणि धनवानाची समृद्धी त्याला झोपू देत नाही. माझी अडचण पूर्ण सुटली, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या अध्यायातल्या दासदासींचे काय झाले, हे त्या पुस्तकात नाही, आणि ते मला खटकत राहील. पण हे पुस्तक केवळ सुखवस्तू माणसाच्या कंटाळ्यातून आले आहे, हे माझे मत मी मागे घेतो.

जैतून :

वाटसरू, ते खटकत राहू द्या. मलाही ते आता खटकू लागले आहे. प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना आठव्या अध्यायात सारी सृष्टी व्यर्थतेच्या स्वाधीन केली गेली आणि ती कण्हत आहे, असे म्हणतो, आणि त्या कण्हण्याला मुक्तीची आशा जोडतो. उपदेशकाने जे पाहिले तेच पौल पाहतो, पण त्याच्यासमोर पुनरुत्थान आहे. म्हणूनच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, जो आरंभापासून पुनरुत्थानाविषयीच आहे, तो शेवटच्या वचनात अचानक आपल्या रोजच्या कामावर येतो : प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, हे तुम्ही जाणून आहात. मेलेले उठणार नसतील तर उपदेशकाचे निष्कर्ष खोडता येत नाहीत, हे पौलालाही मान्य आहे. त्याच अध्यायात तो म्हणतो की तसे असेल तर खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचे आहे.

उमेदवार :

एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात माझे वडील निवृत्त होत आहेत आणि घरी लहानशी उपासना आहे. वाचनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ज्या मुलाचे स्वतःचे काही ठरलेले नाही त्याने काय वाचावे, हे सुचत नाही. उपदेशकाचा तिसरा अध्याय ठीक होईल का?

ताळेबंद :

तिसरा अध्याय चांगला आहे, पण बहुतेक लोक आठव्या वचनापाशी थांबतात. तुम्ही तेराव्यापर्यंत वाचा. मात्र निवृत्तीच्या प्रसंगी मी स्वतः स्तोत्र ९० निवडेन. ते मोशेचे म्हणून दिलेले आहे. आपल्या आयुष्याची वर्षे सत्तर, आणि शक्ती असल्यास ऐंशी, असे त्यात दहाव्या वचनात आहे, आणि शेवटच्या, म्हणजे सतराव्या वचनात, आमच्या हातचे काम आमच्यासाठी स्थिर कर, अशी प्रार्थना दोनदा आहे. मोशेने लोकांना चाळीस वर्षे चालवले आणि वचनदत्त देश त्याने डोंगरावरून नुसता पाहिला.

फळाखडू :

स्तोत्र ९० ला माझेही अनुमोदन. सतरावे वचन सुंदर आहे म्हणून तेवढेच वाचू नका. दहाव्यासकट पूर्ण स्तोत्र वाचा, वडिलांना ते चालेल. आणि उमेदवार, ते तुम्हीच वाचा, दुसऱ्या कोणाकडे देऊ नका.

उमेदवार :

मीच वाचतो. वडिलांनी सतराव्या वचनाला खूण केलेली आहे, हे आत्ता त्यांचे पुस्तक उघडल्यावर दिसले. दहाव्याला नाही. तरी पूर्ण वाचतो.